रेग्यांच्या घरची खटखट

मी एक कीबोर्ड बोलतोय. खरं तर 'वाजतोय' म्हणायला हवं, पण आत्मवृत्तात सगळेच बोलतात, म्हणून मीही बोलून घेतो. मुक्काम मुलुंड पूर्व, रेग्यांचं घर, बेडरूममधलं खिडकीजवळचं टेबल. मी मेकॅनिकल जातीचा आहे. म्हणजे माझ्या प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच आहे, आणि दाबलं की प्रत्येक बटण स्वतंत्रपणे बोंबलतं.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, पण माझा खोका चांगला आठवतो. त्यावर शिरस्त्राण घातलेला, लाल डोळ्यांचा एक योद्धा होता आणि वर मोठ्या अक्षरांत 'गेमिंग' लिहिलेलं. शिवाय माझ्या पोटात सात रंगांचे दिवे. एवढं नटवून पाठवल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. आपण लढाया मारायलाच जन्माला आलोय, अशी माझी पक्की समजूत झाली. बाकी मामला स्वस्तातलाच होता. अंग प्लॅस्टिकचं, मागे शेपटीसारखी वायर, आणि उजवीकडचा आकड्यांचा भाग गायब. तो असता तर किंमतही वाढली असती आणि टेबलावर चहाचा कप मावला नसता.

मला घरात आणलं इरावतीने. ती रेग्यांची सून, सगळे तिला इरा म्हणतात. परदेशी मालिकांच्या तळाशी ज्या मराठी ओळी येतात ना, सबटायटल्स, त्या ती लिहिते. तिकडे पात्र घडाघडा बोलून मोकळं होतं. इराला मात्र तेवढा सगळा अर्थ एवढ्याशा ओळीत बसवावा लागतो, कारण वाचणाऱ्याला वेळच तेवढा मिळतो. म्हणजे हेडफोन लावायचे, पडद्याकडे बघत बराच वेळ गप्प बसायचं आणि मग चार शब्द लिहायचे.

त्याआधी ती कॉल सेंटरमध्ये होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या शिव्या ऐकून घरी यायची आणि कोणाशी बोलायची नाही. हे काम मिळालं त्या दिवशी ती आनंदाने रडली होती म्हणे. पण नोकरी अजून पक्की नव्हती. कंपनीने एक अख्खी मालिका तिच्याकडे सोपवून सांगितलं होतं, ही नीट झाली तर कायम करू, नाहीतर राम राम. म्हणजे पुन्हा त्या शिव्या.

घरच्यांना मात्र हे काम कामासारखं दिसतच नव्हतं. सासरे शरच्चंद्र, त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत झालेली. त्यांच्या ऑफिसात टाइपरायटरची खटखट थांबली की साहेब मान वर करून बघायचे. त्यामुळे काम म्हणजे आवाज, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. सून कानात गाणी घालून दिवसभर सिरियल बघते, एवढंच त्यांना दिसे. माणूस मनाने वाईट नाही. पण हॉलमधून सारख्या हाका यायच्या.

"इरा, बसलीच आहेस तर जरा बेल बघ गं."

"इरा, बसलीच आहेस तर एवढे मटार सोल."

"बसलीच आहेस तर चहा टाक, मीपण घेईन घोटभर."

या 'बसलीच आहेस तर'ने इराच्या नाकी नऊ आणले. डोक्यात जुळत आलेली ओळ दार उघडून परत येईपर्यंत पसार झालेली असायची.

मग एका शनिवारी इराचा नवरा मिहिर आपल्या मित्राचा, अनयचा, मेकॅनिकल कीबोर्ड घरी घेऊन आला आणि गेम खेळत बसला. घरभर खटाखट, खटाखट. तेवढ्यात शरच्चंद्रांना कोणाचा तरी फोन आला. इराने स्वतःच्या कानांनी ऐकलं, बाबा दबक्या आवाजात सांगत होते, "जरा हळू बोलतो हं. मिहिर कामात आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा राबतो बिचारा."

बिचारा त्या वेळी एका पडक्या किल्ल्यात लपून कोणाला तरी गोळ्या घालत होता.

इरा त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "मला हा पाहिजे. याच्याहून मोठा आवाज करणारा असला तर तो."

मिहिरने मग ऑफिसचं काम कधी केलं नसेल इतकं मन लावून कीबोर्डांचा अभ्यास केला. स्वस्त हवा, टायपिंगला चालावा, आणि रात्री आपल्याला गेमिंगलाही व्हावा, असा त्याचा हिशोब. शेवटी दोघं अंधेरीला त्याच्या ऑफिसजवळच्या रतनभाईंच्या दुकानात आली. काउंटरवर नमुन्याची एक पट्टी होती, निरनिराळ्या स्विचवर एकेक बटण बसवलेली.

"मॅडम, रेड घ्या," रतनभाई म्हणाले. "टायपिंगला मऊ, गेमिंगला फास्ट, आणि आवाज बिलकुल नाय. बाजूला बाळ झोपलं असेल ना, तरी उठणार नाय."

"उठलं पाहिजे," इरा म्हणाली.

रतनभाईंनी मिहिरकडे बघितलं. मिहिरने छताकडे बघितलं.

"मग ब्राऊन बघा. बोटाला थोडा धक्का लागतो, आवाज मीडियम."

"आणि हा निळा?"

"ब्लू? ब्लू लोक परत आणून देतात, मॅडम. घरात भांडणं होतात."

"मिहिर, तू बाहेर जाऊन फुटपाथवर उभा रहा. ऐकू आलं की हात वर कर."

"यार इरा, लोक बघतायत."

"जा ना रे."

मिहिर गेला. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. इराने निळं बटण दाबलं, आणि बाहेर मिहिरचा हात, पोलिसाने पकडल्यासारखा, वर झाला.

असा मी निवडला गेलो. ज्या जातीला लोक भांडून परत करतात, त्या जातीतल्या मला कोणीतरी मुद्दाम आवाजासाठी मागून घेतलं. माझी छाती फुगली. वाटलं, योद्ध्याची आरोळी ओळखणारी बाई भेटली. मेट्रोत मिहिरच्या मांडीवर बसून मी घाटकोपरपर्यंत युद्धाची स्वप्नं बघत आलो.

युद्ध मी एकदाच बघितलं. मिहिरला खेळायला वेळ मिळायचा तो सगळे झोपल्यावर, आणि तेव्हा मी वाजलो असतो तर घराने मला खिडकीतून खाली टाकलं असतं. एका रविवारी सकाळी तेवढा तो खेळला. माझ्यावर त्याचा हात बसला नव्हता, त्यामुळे तो सुरुवातीलाच ठार झाला. "वाट लागली" म्हणून उठला आणि आंघोळीला गेला. माझी लष्करी कारकीर्द तिथेच संपली.

पण इराच्या टेबलावर माझा दरारा बसला. पहिल्याच दिवशी हॉलमध्ये शरच्चंद्रांनी कान टवकारले. "अरे वा! आज बरंच काम दिसतंय!" मग हळूहळू हाका बंद झाल्या. बेल वाजली तर ते पुटपुटायचे, "इराला नको उठवायला, कामात आहे." मी आणखी जोराने वाजायचो. एवढं कौतुक मला सोसत नव्हतं.

अडचण वेगळीच निघाली. इराचं खरं काम गप्प बसण्याचं होतं, आणि ती गप्प बसली की मी गप्प बसायचो. मी गप्प बसलो की हॉलमध्ये खुर्ची करकरायची आणि "इरा, बसलीच आहेस तर" सुरू व्हायचं. म्हणून विचार करताना ती एक कोरी फाइल उघडून त्यात काहीबाही बडवू लागली. अर्थ नाही, शब्द नाही, नुसती अक्षरांची पोरंबाळं. दुपारभर मी घाम गाळायचो, आणि दिवसाअखेर कामाच्या ओळी निघायच्या मूठभर. त्या मूठभर ओळींचं श्रेयही मी मनातल्या मनात घेऊन टाकायचो.

पण त्या ओळी बिघडू लागल्या. माझ्या खटखटीत विचार तरी कसा सुचणार? मालिकेत एक आई होती. तिचा मुलगा कितीतरी वर्षांनी दारात उभा राहतो आणि ती लांबलचक काहीतरी बोलते. इराला ते दोन-तीन शब्दांत हवं होतं. ती माझ्यावर बोटं आपटत राहिली आणि शब्द काही येईनात. शेवटी जे जमलं ते तिने पाठवून दिलं. तो भाग कंपनीकडून परत आला, सोबत निरोप. ओळी लांब झाल्यात, जीव नाही, पुन्हा करा. उद्या संध्याकाळपर्यंत हा आला नाही, तर मालिका दुसऱ्या कोणाकडे देऊ.

इरा माझ्यावर डोकं टेकवून बसली. तिच्या कपाळाखाली माझी सहा-सात बटणं एकदम दाबली गेली आणि फाइलमध्ये एकच अक्षर पानभर धावत सुटलं. 

तेवढ्यात सासूबाई, पद्मजाबाई, ताकाचा पेला घेऊन आत आल्या. इरा दचकून उठली, पण पडद्यावरचा सगळा कचरा त्यांना दिसलाच.

"आई, ते... मी..."

"मला माहीत होतं गं," पद्मजाबाई म्हणाल्या. "खरं लिहितेस तेव्हा मधेमधे थांबतेस. खोटं एका दमात चालतं."

"तुम्हाला एवढं कळतं?"

"मीपण वाजवायचे ना!" त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजेसासूबाई हॉलमध्ये बसलेल्या असायच्या. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही की हाक मारायच्या. मग मी वाचनालयाचं पुस्तक साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि डावाने रिकामं पातेलं ढवळत बसायचे. कादंबऱ्याच्या कादंबऱ्या वाचल्या तशा. त्यांना वाटायचं, सून किती राबते!"

इरा हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आता का नाही वाचत?"

"आता सगळं कुकरमध्ये शिजतं. ढवळायला उरलंय काय? आणि हा तुझा आल्यापासून..." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या वाटच्या हाका मला येतात. मटारसुद्धा."

हाका बंद झाल्या म्हणून मी छाती फुगवून बसलो होतो. त्या बंद झाल्याच नव्हत्या, पलीकडच्या खोलीत जात होत्या. आणि मी स्वतःला योद्धा समजत होतो! माझं खरं घराणं डावाचं आणि रिकाम्या पातेल्याचं निघालं. तेही पातेलं माझ्याहून हुशार, त्याच्या आडून निदान कोणाचं तरी वाचन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मजाबाई कपाटातून एक पुस्तक घेऊन आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "तू लॅपटॉप घेऊन गॅलरीत बस. याला माझ्याकडे दे."

इराने माझी वायर काढली. माझे साती रंग विझले. मी कशालाच जोडलेला नव्हतो, पण माझ्या जातीला वाजायला वीज लागत नाही. पद्मजाबाईंनी डाव्या हातात पुस्तक धरलं आणि उजव्या हाताने मला बडवायला सुरुवात केली. वाचता वाचता मधेच थांबायच्याही, अगदी खऱ्यासारख्या. काचेपलीकडे इरा डोळे मिटून गप्प बसली होती. नुसते ओठ हलत होते. इतकं शांत मी तिला कधी बघितलं नव्हतं.

हॉलमधून हाक आली. "पद्मा! अगं, चहाची वेळ झाली ना!"

आम्ही वाजत राहिलो.

"पद्मा? कुठे गेलीस?"

पावलं वाजली आणि दार उघडलं. शरच्चंद्र उंबऱ्यात उभे. त्यांनी बायकोच्या हातातलं पुस्तक बघितलं, मग मला बघितलं, मग टेबलावरून खाली लोंबणारी माझी वायर बघितली. गॅलरीत सून डोळे मिटून बसलेली त्यांना दिसली. 

पद्मजाबाईंनी मान वळवली नाही. "कामात आहे मी," त्या म्हणाल्या.

"बसलीच आहेस तर..." शरच्चंद्रांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि ते थांबले.  त्यांनी पुन्हा एकदा त्या वायरीकडे बघितलं.

"बसलीच आहेस तर... बस," ते म्हणाले आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांडी वाजू लागली. साखरेचा डबा पडल्याचाही आवाज झाला. पद्मजाबाई उठल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं. इकडे गॅलरीत इराने डोळे उघडले आणि त्या परत आलेल्या भागातल्या आईच्या तोंडी तिने ओळ लिहिली, "एक फोन तरी!" मग पाक झालेला चहा आला. तो सगळ्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

संध्याकाळी भाग गेला. पुढे मालिकाही पुरी झाली आणि इराची नोकरी पक्की झाली. आता ती गॅलरीत बसते आणि लॅपटॉपच्याच मुक्या बटणांवर लिहिते. मिहिर परत लाल स्विचवाल्यांचा अभ्यास करतोय. माझ्या खोक्यात शरच्चंद्रांची औषधं असतात. तो लाल डोळ्यांचा योद्धा ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर पहारा देतो. माझी अक्षरं पुसत आली आहेत, तीही काही न लिहिता.

मी पद्मजाबाईंचा झालो आहे. रोज दुपारी त्या मला मांडीवर घेतात आणि पुस्तक उघडतात. माझी वायर गुंडाळून रबर लावून ठेवली आहे, आणि ती गुंडाळली आहे शरच्चंद्रांनीच. तरी कोणी आलं की हॉलमधून त्यांचा आवाज येतो, "जरा हळू बोला हं, आमची ही कामात आहे." ते ऐकलं की पद्मजाबाईंचा हात माझ्यावर तसाच थांबतो. मग बराच वेळ मी वाजत नाही, आणि तरी हाक येत नाही.

असा मी, कुठेच न जोडलेला, काहीच न लिहिणारा, स्वस्तातला योद्धा. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी गप्प बसलेली दिसली, तर माझ्यासारखा खटारा विकत आणायची वेळ तिच्यावर आणू नका. बसली आहे ना? बसू दे.