मधे खांब नसलेला जिना

गावातल्या नव्या ग्रंथालयासाठी तिच्या मोठ्या दिरांचा आराखडा निवडला गेला, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मग पडद्यावर चित्र उमटलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

गोल जिना, मधे खांब नाही. भिंतीतून एकेक पायरी बाहेर आलेली, जणू हवेतच. आणि तिसऱ्या वळणावर खांद्याला झोळी लावलेला, डावीकडे जरासा कललेला माणूस. इमारतीची उंची कळावी म्हणून नकाशात माणूस काढायची पद्धत असते. ती नेहमी आपल्या वडिलांना काढायची. चोरणाऱ्याने त्यांना पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

बारा वर्षं ती दिरांच्या ऑफिसात नकाशे काढत होती. हा जिना मात्र तिचा स्वतःचा. घरी, पोरीचा अभ्यास आटोपला की डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर बसून तिने तो टॅबलेटवर काढला होता. टॅबलेटला कुलूप नव्हतं, कारण सासूबाई त्यावर पत्ते खेळायच्या. घरी येऊन तिने पाठवलेल्या मेल चाळल्या. मागच्या महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, तिच्याच खात्यातून चार चित्रं दिरांच्या पत्त्यावर गेली होती. त्या वेळी ती स्वयंपाकघरात होती. त्यांच्याचसाठी कॉफी करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना केबिनमध्ये गाठलं. ते रागावले नाहीत, उलट समजुतीने बोलले. घरात तुझं-माझं नसतं, नाव ऑफिसचंच लागतं, तुला कोण ओळखतं, असं बरंच काही. नवऱ्याला सांगितलं तर तो चपलेचा पट्टा सोडवता सोडवता म्हणाला, दादा आहे, जाऊ दे.  पण आतून जे पेटलं ते विझेना. भांडून काही हाती लागणार नाही हे तिला कळत होतं, आणि माणसाला नेमकं कुठे धरायचं हेही. चोरीला गेली होती ती नुसती चित्रं. जिना उभा कसा राहतो याचे खरे नकाशे, मापं आणि हिशोब तिने नंतर केले होते, आणि ते अजून टॅबलेटमध्येच होते.

बाजाराच्या मागच्या गल्लीत टॅबलेट दुरुस्त करणारी एक बाई बसायची. डोळ्याला भिंग, बोलणं तुटक. त्या बाईने हिला आधी चांगलंच फैलावर घेतलं.

"इतके दिवस दार सताड उघडं टाकून झोपत होतात तुम्ही."

मग तिने एकेक गोष्ट शिकवली. नुसता चार आकडी पिन पुरत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्यायचे, घरच्यांना सुचणार नाहीत असे. फायली वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवायच्या, म्हणजे त्या सांकेतिक होतात आणि किल्लीच्या शब्दांशिवाय नुसता कचरा दिसतात. मेलचा पासवर्ड बदलायचा, बाकी सगळ्या यंत्रांवरून खातं बंद करायचं. एक प्रत मेमरी कार्डावर, तीही कुलपातच, आणि ते कार्ड घराबाहेर. शेवटी बाईने विचारलं, दहा वेळा चुकीचा शब्द टाकला तर सगळं आपोआप पुसलं जावं, असं हवं का?

"हवं," ती म्हणाली.

कार्ड तिने माहेरी, बहिणीच्या कपाटात नेऊन ठेवलं. सासूबाईंना पत्ते खेळायला जुना फोन दिला.

तीन आठवड्यांनी निवड समितीचं पत्र आलं. पुढच्या सोमवारी जिन्याचे तपशीलवार नकाशे घेऊन या. दिरांनी तिला बोलावून, जणू पाण्याचा पेला मागावा तसे नकाशे मागितले.

"देते," ती म्हणाली. "समितीसमोर सांगा, जिना कुणाचा आहे ते. त्याच टेबलावर उघडून देते."

"माझी शोभा करायची आहे तुला?"

"तुम्ही माझी केलीत ती कुणी पाहिली नाही, एवढाच फरक."

शुक्रवारी ती जेवायला गेली असताना त्यांनी तिच्या टेबलाच्या खणातून, ती हल्ली सोबत आणायची तो टॅबलेट काढला. परतली तेव्हा ते तिच्याच खुर्चीत बसले होते, पांढरेफटक. पडद्यावर नव्याकोऱ्या यंत्रासारखं स्वागत झळकत होतं, भाषा निवडा म्हणून. त्यांनी तिच्या लग्नाची तारीख टाकून पाहिली होती, पोरीचं नाव, वडिलांचं नाव, ऑफिसचा फोन. दहा वेळा.

"आपोआप गेलं," ते म्हणाले.

तिने टॅबलेट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बहिणीच्या कपाटातलं कार्ड तिच्या डोळ्यांसमोर होतं. एक शब्द बोलली असती तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता.

"आता काय करणार?" एवढंच ती म्हणाली, आणि ते तिच्या खुर्चीतून उठेपर्यंत तिथेच उभी राहिली.

सोमवारी समितीच्या खोलीत ती मागच्या रांगेत बसली. समितीच्या प्रमुख होत्या एक निवृत्त इंजिनिअर बाई, तोंडाने गोड आणि नजरेने कडक. दिरांनी सांगितलं की यंत्र बिघडलं, फायली नष्ट झाल्या, थोडी मुदत हवी. बाईंनी मान हलवली.

"फायली गेल्या, ठीक आहे. डोक्यातलं तर गेलं नाही ना? तोंडी सांगा. मधे खांब नाही, मग वजन कुठे जातं?"

"भिंतीत," दीर म्हणाले. "पायऱ्या भिंतीत खोल रोवायच्या."

"किती खोल?"

 मग त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. भिंत वजन पेलत नाही. ती पायरीला फक्त पिळवटू देत नाही, आणि वजन एका पायरीवरून खालच्या पायरीवर टेकत टेकत जमिनीपर्यंत उतरतं. तिने मांडीवर हात ठेवले आणि त्यांच्या नजरेला नजर देऊन बसून राहिली. ते पुन्हा पुढे वळले. कपाळ पुसलं. बाईंनी आणखी दोनदा विचारलं, मग शांतपणे कागद मिटला. काम दुसऱ्या क्रमांकाच्या ऑफिसकडे गेलं.

त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला, बहिणीकडून कार्ड आणलं आणि त्या इंजिनिअर बाईंची भेट घेतली. तारखांसकट सगळं उघडून दाखवलं. बाईंनी नकाशे तासभर पाहिले. ग्रंथालयाचा निर्णय आता बदलता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं, पण दुसऱ्या एका ऑफिससाठी चिठ्ठी दिली. जिना तिथे पुढे केव्हातरी, एका शाळेत बांधला गेला. ग्रंथालयात मात्र साधा सरळ जिना आहे. त्याच्यावरून चढताना तिला अजून वाईट वाटतं. दिरांचं वाईट वाटत नाही.

नवरा महिनाभर धुमसत होता. घरचं काम घालवलंस, हे एकच वाक्य.  एका दुपारी वाटाणे सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं,

"तुझ्याकडे दुसरी प्रत होती ना? त्या दिवशी देता आली असती?"

"हो."

त्यांनी आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या.

"लहानपणीसुद्धा तो धाकट्याच्या वहीतून उतरवायचा," त्या म्हणाल्या. "आणि मी धाकट्यालाच गप्प बसवायची."