एक्केचाळिसावा शोधनिबंध

पेन्सिलीहून बारीक काचेची नळी, वीतभर लांब, एका टोकाला बंद… पपा ती बोटांत फिरवत होता आणि खिडकीतलं ऊन तिच्यातून निसटून टेबलावरच्या कागदांवर रेघेसारखं थरथरत होतं. मिर्ता त्या रेघेकडे बघत राहिली. मोंतेविदेओतली रविवारची दुपार. चुलीवर शेवयांसाठी टोमॅटोचा सॉस रटरटत होता, 'माते' या तिथल्या कडवट चहाच्या भोपळ्यात तिसऱ्यांदा गरम पाणी पडलं होतं. विद्यापीठाला पपाच्या सगळ्या शोधनिबंधांची यादी छापायची होती. तो सांगत होता, ती टाईप करत होती.

"चाळीस झाला? आता एक्केचाळीस."

"तो तर मागे घेतला होतास ना, पपा?"

"मागे घेतला म्हणजे लिहिलाच नव्हता असं थोडंच आहे? टाक."

"लोक हसतील."

"हसू देत की. दोर्वाल तीस वर्षं हसतोय. परवासुद्धा विचारत होता, मातेत पाणी घालू की ॲसिटोन?" प्रयोगशाळेतल्या आपल्या जुन्या सोबत्याची नक्कल करताना तो स्वतःच खोकत हसला. "टाक, पोरी. त्यात शेवटी तुझे आभार मानलेत. माझ्या एवढ्या कागदांत तू तेवढ्या एकाच ठिकाणी आहेस."

सॉस लागेल, असं म्हणून ती उठली. परत आली तेव्हा तिने एक्केचाळीस सोडून बेचाळीस लिहिलं. त्याने पाहिलं, आणि पुढचं नाव सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण मातेची पानं मागायला आली, तर पपा अंगणातल्या खुर्चीत होता, मांडीवर थर्मास, आणि गेलेला.

त्याला आज अठरा दिवस. तेच टेबल, तीच यादी. मघाशी, यादी वाचून, दोर्वालचा फोन येऊन गेला.

"मिर्ता, तुझा पपा, अन्सेल्मो, एकशे सहा म्हणायचा. तुझे एकशे पाचच कसे भरतात गं? ॲसिटोनवाला खाल्लास काय?"

"बघते, काका."

"बघ बाई. तो नसला तर म्हातारा मला वरून शिव्या घालेल."

बघते… काय बघायचं? एकोणीस वर्षांची ती, फेब्रुवारीतली संध्याकाळ, खाली रस्त्यावर कार्निव्हलचे ढोल तापत होते आणि मैत्रिणी फाटकाशी उभ्या. पपा ज्यांत पदार्थ भरून यंत्रात तपासायचा त्या काचेच्या नळ्या धुण्याचं काम सुट्टीत तिच्याकडे होतं. ॲसिटोनने विसळायच्या, मग गरम कपाटात आडव्या ठेवून पूर्ण वाळवायच्या. तिने त्या नुसत्या झटकल्या, घोडीत उभ्या केल्या, आणि नोंदवहीत 'वाळवल्या' या रकान्यात बरोबरची खूण केली. बस, एवढंच… पेनाचा एक झटका. मग पपाच्या आलेखात, जिथे काही असायला नको तिथे, एक लहानसं शिखर उगवलं. त्यावरून त्याने ठरवलं की त्याच्या रेणूचा एक हात फिरता फिरता एका जागी अडतो. निबंध छापला. वर्षभराने ब्राझीलमधून कोणी तरी लिहिलं: हात वगैरे काही नाही, हे ॲसिटोन आहे. त्या हिवाळ्यात पपाने तो पदार्थ पहिल्यापासून पुन्हा केला, एकेक बाटली तपासली. जेवताना घास हातात धरून बसायचा. ती समोर बसून पाव मोडायची.

पण ॲसिटोनचं शिखर कुठे येतं, हे पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल — मग पपाला दिसलं नसेल? त्याला ते पहिल्याच दिवशी सुचलं असणार, असं आज, यादीतल्या चाळीस आणि बेचाळीसच्या मधल्या सांध्याकडे बघताना, तिच्या लक्षात आलं. सुचलं असणार, मग त्याने नोंदवही उघडली असणार, आणि खूण पाहून ती शंका सोडून दिली असणार. आलेखापेक्षा खुणेवर त्याचा विश्वास जास्त होता. आणि निबंध मागे घेताना त्याने छापलेल्या त्या तीन ओळी: 'नळ्या वाळवल्या गेल्या नव्हत्या. चूक माझी.' म्हणजे खूण खोटी होती हे त्याला कळलं होतं. कधी? रविवारी 'टाक, पोरी' म्हणताना तो वाट बघत होता की क्षमा करत होता — की त्याला खरंच फक्त ती एक आभाराची ओळ हवी होती?

तिने चाळीसच्या खाली जागा केली. एक्केचाळीस टाईप केलं. मग पेनांच्या पेल्यातून ती नळी काढून नाकाशी धरली. वास कशाचाच नव्हता. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ऊन होतं. तिचा आवाज फुटला तो पन्नाशीतल्या बाईचा वाटला नाही.

"पपा, नळ्या मी वाळवल्या नव्हत्या. आणि खूण मीच केली होती."