फुस्कसचा परवलीचा शब्द

फुस्कस थंडीत गेला, आणि त्याच्या दगडावर काय कोरायचं यावरून त्याच्या थोरल्या बहिणीचं, प्रोकुलाचं, आणि माझं वाजलं.

"सैनिक होता एवढंच लिही," ती म्हणाली. "सम्राटाच्या रक्षक दलात होता हे नको."

"उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली ना ताई त्याची."

"म्हणूनच नको. पोरं शेण फासतील दगडाला. राज्याचा लिलाव करणारी माणसं तुम्ही."

दलातल्या काहींनी सम्राटाला मारून त्याची गादी सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला विकली, त्या दिवशी फुस्कस आणि मी छावणीच्या मागच्या दरवाजावर पहाऱ्याला होतो. तटावरून बोली पुकारणारे वेगळेच. पण त्या खरेदीदाराला हटवून आलेल्या नव्या सम्राटाने सगळ्यांना सरसकट हाकललं, रोमच्या शंभर मैलांत फिरकू नका म्हणून. तेव्हापासून आम्ही दोघं फुस्कसच्या या डोंगरातल्या गावी, प्रोकुलाच्या घरात. इथला पाववाला अजून विचारतो, "काय नेपोस, आज काय विकायला काढलंय?" असल्यांच्या तोंडी कोण लागणार!

मला आठवते ती छावणीतली संध्याकाळ. सम्राट स्वतः परवलीचा शब्द द्यायचा आणि तो कानोकानी आमच्यापर्यंत यायचा. त्या एका शब्दावर अख्खा राजवाडा निर्धास्त झोपायचा. फार अभिमान वाटायचा मला. अजूनही वाटतो.

ती सवय सुटलीच नाही. रोज सकाळी मी फुस्कसला एक शब्द सांगून बाहेर पडायचो. दिवेलागणीला परतलो की हा दारात काठी आडवी धरून उभा. एकदा विसरलो, तर पठ्ठ्याने मला पावसात भिजत ठेवलं. चुलीपाशी बसलेली प्रोकुला कपाळावर हात मारायची. "म्हातारे झालात. कोण येतंय आता तुमच्यावर चालून?"

शेवटी दगडावर नुसतं नाव आणि 'सैनिक' आलं. भाऊ तिचा, तेव्हा मी गप्प बसलो. पण जिवाला लागलं.

फेब्रुवारीत, पितरांच्या दिवसांत, आम्ही थडग्यावर गेलो. दारूत भिजवलेला पाव आणि फुलं प्रोकुलाने दगडापाशी ठेवली. गेलेल्याला पोचावी म्हणून थडग्याच्या आत सोडलेल्या नळीत दारू ओतायला मी सुरई तिरपी केली, तोच तिने फुस्कसची काठी माझ्यासमोर आडवी धरली. हल्ली ती तीच काठी टेकत चालते.

"शब्द?" ती म्हणाली.

मी तिच्या कानात शब्द सांगितला. तिने गुडघे टेकले, वाकून तो नळीतून खाली पोचवला, आणि मग काठी बाजूला घेतली.