द्रौपदीबाईंची जीभ

"मावशी, फडकं ठेवा आणि जरा इकडे या," श्रद्धा मॅडमनी आतून हाक मारली. "यांना 'कागद' म्हणून दाखवा."

द्रौपदीबाईंनी फडकं बादलीच्या काठावर टाकलं, पदराला हात पुसले आणि टेबलासमोर बसलेल्या नवरा-बायकोपुढे येऊन उभ्या राहिल्या. नवरा फर्निचर बाजारातला दुकानदार होता. बायकोच्या मांडीवर चार वर्षांचा मुलगा होता.

"तादद," द्रौपदीबाई म्हणाल्या.

नवऱ्याला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात दडवलं, पण खोकला काही जमला नाही. बायकोने मुलाला पोटाशी ओढलं.

"बघितलंत? वेळेवर ट्रीटमेंट झाली नाही की हे असं राहतं," मॅडम म्हणाल्या. "आता यांचं वय पंचावन्न. आता काय होणार?"

"नहीं नहीं मॅडम, हम पूरा कोर्स करेंगे," बायको घाईघाईने म्हणाली. "आप जितना बोलेंगे उतना."

"थँक यू, मावशी."

द्रौपदीबाईंनी फडकं उचललं आणि राहिलेली फरशी पुसून घेतली.

आठवड्यातून दोन-तीनदा हा कार्यक्रम व्हायचा. श्रद्धा मॅडम वाईट नव्हत्या. बदलापूरहून येताना कधीकधी मावशींसाठी डब्यात थालीपीठ आणायच्या, ताप आला तर स्वतः गोळी द्यायच्या. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. इथे तीही सोय नव्हती.

उल्हासनगरात तीन नंबरच्या कॅम्पात, दुसऱ्या मजल्यावर हे मुलांच्या बोलण्याचं क्लिनिक होतं. आजूबाजूला कुठे नव्हतं असं एक मशीन तिथे होतं. पोटाची करतात तशीच सोनोग्राफी, फक्त जिभेची. हनुवटीखाली जेली लावून प्रोब टेकवायचा, मुलाला शब्द म्हणायला लावायचा, की पडद्यावर जीभ एका पांढऱ्या वाकड्या रेघेसारखी हलताना दिसायची. तोंडात काय चाललंय ते कानाला कळत नाही, तेवढं त्या रेघेला कळायचं. जेली लावणं, रडणाऱ्या पोराचं डोकं धरणं आणि शेवटी हनुवटी पुसणं हे द्रौपदीबाईंचं काम. सात वर्षं त्यांनी शेकडो जिभा पाहिल्या होत्या. स्वतःची कधी पाहिली नव्हती.

मुळाक्षरांची पहिलीच ओळ त्यांच्या वाट्याला आली नव्हती. क म्हणायला जावं तर त यायचा, ग म्हणायला जावं तर द. बाकी बोलणं खणखणीत. मुद्दाम करते म्हणून आईने थोबाडीत मारून पाहिलं, शाळेत बाईंनी छडीने पाहिलं, मग सगळ्यांनी नाद सोडला. द्रौपदीबाईंनी आयुष्यभर ते शब्द टाळायची युक्ती शिकून घेतली. बाजारात कांद्यांकडे बोट दाखवायचं, मेथी मात्र तोंडाने मागायची. राहायला अंबरनाथमधला बुवापाडा मिळाला, दोन्ही नावं तोंडाला जमणारी, ते नशीबच म्हणायचं. बुद्धविहारात वंदना सगळ्यांच्या सुरात म्हणायची असते, तिथे त्यांची जीभ झाकून जायची आणि म्हणूनच तिथे त्या मोकळ्या आवाजात म्हणायच्या.

लग्नात मात्र झाकायला काही नव्हतं. नवऱ्याचं नाव भगवान. उखाण्यात "भदवानरावांचं नाव धेते" एवढं ऐकलं आणि अख्खा मांडव हसला. भगवानही हसला. पुढे तीस वर्षं, अगदी जाईपर्यंत, घरी पाहुणे आले की तो म्हणायचा, "अगं, माझं नाव घे ना एकदा." पोरगा झाला तेव्हा सासरच्यांना किरण ठेवायचं होतं. द्रौपदीबाई उभ्या जन्मात एकदाच अडून बसल्या आणि प्रमोद ठेवलं. पोराला हाक तरी नीट मारता यावी, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

त्याच प्रमोदने वर्षभरापूर्वी त्यांना बोलायची बंदी केली.

प्रमोद बदलापुरात सोनिवलीच्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहत होता. बायको संध्या इंग्रजी शाळेत शिक्षिका. मुलगी इरा पाच वर्षांची होत आली तरी केळ्याला 'तेळं' आणि गाडीला 'दाडी' म्हणायची. संध्याच्या शाळेतल्या एका बाईने ते ऐकलं आणि विचारलं, घरात कोणी असं बोलतं का?

"आई, तुम्हाला वाईट वाटेल," संध्या म्हणाली, "पण ती तुमचंच पकडते. प्लीज तिच्यासमोर बोलू नका ना."

"थोडे दिवस गं," प्रमोद म्हणाला. "समजून घे ना यार, आई. पुढच्या वर्षी पहिलीची ॲडमिशन आहे तिची."

"बरं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "पण रविवारी येऊ ना?"

"ये की. फक्त बोलू नको."

दर रविवारी त्या अंबरनाथहून बदलापूरला जायच्या आणि दुपारभर तोंड मिटून इराशी भातुकली खेळायच्या. इरा विचारायची, आजी, चहा पिणार? त्या मान हलवायच्या. इरा विचारायची, आजी, तू रुसलीस? त्या तिला मांडीवर घ्यायच्या. नातीशी बोलावं एवढीच त्यांची आता इच्छा होती, दुसरी काही उरली नव्हती.

म्हणून संध्याने इराला तपासायला याच क्लिनिकची वेळ घेतली तेव्हा द्रौपदीबाई मनातून हरखल्या. मशीन खोटं बोलत नाही, हे त्यांनी सात वर्षं पाहिलं होतं. नातीची जीभ आजीमुळे बिघडली की नाही, ते आता पडद्यावरच दिसणार होतं.

त्या दिवशी इराने प्रोब पाहिला आणि किंचाळून खुर्चीच्या मागे लपली. मॅडमनी टेडी दाखवला, प्रमोदने चॉकलेट दाखवलं. काही चालेना. शेवटी द्रौपदीबाई एक शब्द न बोलता खुर्चीत बसल्या, स्वतःच्या हनुवटीला जेली लावली आणि प्रोब टेकवला. पडद्यावर रेघ उमटली. इरा डोकावून बघायला लागली.

"अरे वा, आजीची जीभ!" मॅडम म्हणाल्या. "मावशी, म्हणा, क."

"मॅडम, त्यांना नका ना बोलायला लावू," संध्या म्हणाली. "इरा ऐकतेय."

"अहो, मला फक्त रेघ बघायचीय."

संध्याने पुढे होऊन इराच्या दोन्ही कानांवर तळवे दाबून धरले. मग म्हणाली, "हं, आता म्हणा."

"ता," द्रौपदीबाई म्हणाल्या.

पडद्यावरची जीभ अख्खीच्या अख्खी वर उठली, तव्यावरची भाकरी फुगते तशी. मॅडमनी तीनदा म्हणायला लावलं. मग इरा बसली. आजीने डोकं धरलं म्हणून न रडता बसली. तिच्या जिभेचं नुसतं टोक वर जात होतं, मागचा भाग जागचा हलत नव्हता.

"इंटरेस्टिंग आहे हं," मॅडम दोन चित्रं शेजारी लावून म्हणाल्या. "मावशींची मागची जीभ वर जाते. म्हणजे क म्हणायचा प्रयत्न त्या बरोबर करतात, पन्नास वर्षं करतायत! फक्त टोकही सोबत उठतं, म्हणून आपल्याला त ऐकू येतो. इराचं तसं नाहीच. हिची मागची जीभ उठतच नाही. हे आजीचं बघून आलेलं नाही. आणि बोबडं बोलणं तसं लागतही नाही कोणाचं."

द्रौपदीबाईंनी प्रमोदकडे पाहिलं. प्रमोद पडद्याकडे बघत होता.

"लहानपणी कोणी सहा महिने मेहनत घेतली असती ना, मावशींचंही झालं असतं," मॅडम भाजीत मीठ कमी पडल्यासारखं सहज म्हणाल्या.

द्रौपदीबाईंना आईने थोबाडीत मारलेलं आठवलं. मुद्दाम करते, मुद्दाम करते. त्या तर प्रयत्न करत होत्या. इतकी वर्षं त्यांची त्यांनासुद्धा खात्री नव्हती.

"ते ठीक आहे मॅडम," संध्या म्हणाली, "पण थेरपी चालू असेपर्यंत आई समोर नकोत. तिचं लक्ष जातं."

"रिस्क कशाला, ना," प्रमोद म्हणाला. "आई, घरी पण नको येऊस सध्या. एकदा ती नीट झाली की मग बघू."

श्रद्धा मॅडमना सगळं कळत होतं, पण पेशंटचे आईबाप नाराज करून क्लिनिक चालत नाही. "ओके. मंगळवारी-शुक्रवारी चार वाजता मावशी फायलींच्या खोलीत बसतील," त्या म्हणाल्या. "चालेल ना, मावशी?"

द्रौपदीबाईंनी नातीची हनुवटी पुसली आणि मान हलवली.

फायलींची खोली आणि थेरपीची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. द्रौपदीबाई तिला पाठ लावून स्टुलावर बसायच्या. पलीकडून मॅडमचा आवाज यायचा: "टोक खालच्या दातामागे टेकव. हलवायचं नाही. आता मागून उचल. म्हण, क." मग इराचा आवाज यायचा, "ता." पुन्हा, "ता." द्रौपदीबाई आवाज न करता तोंडातल्या तोंडात तेच करत. टोक खाली. मागून उचल. त्यांची जीभ पहिल्या महिन्यात दमून जायची.

एकदा धीर करून त्यांनी विचारलं, "मॅडम, मला जमेल आता?"

"आता कशाला, मावशी?" मॅडम हसल्या. "आणि मग पेशंटना दाखवू काय?"

द्रौपदीबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून दुपारी मॅडम जेवायला बसल्या आणि काउंटरवरचा जितेश मोबाईलमध्ये घुसला, की मशीन पुसायच्या निमित्ताने त्या प्रोब हनुवटीला लावायला लागल्या. रेघ खोटं बोलत नव्हती. अख्खी उठायची, पुन्हा अख्खी. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी टोक खालीच राहिलं आणि मागचा भाग एकटा वर गेला. द्रौपदीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. आवाज काढून बघायची मात्र हिंमत होईना.

ती हिंमत झाली विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर, भाजीवाल्यापुढे.

"अर्धा किलो कांदे द्या," त्या म्हणाल्या.

भाजीवाल्याने मान वर न करता कांदे मोजले आणि पिशवीत ओतले. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. घरी कांदे होते, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा घेतले.

क्लिनिकमध्ये हे कोणालाही सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पहिल्यांदा ऐकणार ती इरा. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. "काय गं इरा, कशी आहेस?" जगातली कुठलीही आजी रोज म्हणते ते. महिनाभर त्यांनी ते पुन्हा पुन्हा घोकलं.

इराचा शेवटचा दिवस आला. मॅडमनी दार उघडून बोलावलं, "या मावशी, आता काय, झाली ती छान. जेली लावा."

संध्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली होती. इराचा पुढचा दात पडला होता, उंची वाढली होती. ती खुर्चीत शहाण्यासारखी बसली आणि कावळा, काकडी, गाजर, गुलाब असं एका दमात म्हणून मोकळी झाली. पडद्यावर रेघ मागून सुबक उठत होती. प्रमोदने टाळ्या वाजवल्या. द्रौपदीबाई टिश्यू घेऊन नातीसमोर वाकल्या, हनुवटी पुसली. जिभेचं टोक त्यांनी खालच्या दातामागे टेकवलं.

"आजी!" इरा म्हणाली आणि लगेच बापाकडे वळली. "पप्पा, आजीचा आवाज अजून आला नाही का?"

मॅडम फाईलमध्ये काहीतरी लिहायला लागल्या. संध्या बॉक्सचं झाकण शोधू लागली.

"नाही ना बेटा," प्रमोद म्हणाला. "सांगितलं होतं ना तुला. आजीचा आवाज गेलाय, तिला बोलता येत नाही."

त्याने आईकडे पाहिलं. शेजाऱ्यांची काच फोडून आला की तो लहानपणी असाच बघायचा. सांगू नको, एवढंच त्या डोळ्यांत असायचं. द्रौपदीबाईंनी तेव्हाही कधी सांगितलं नव्हतं. तोंडात वाक्य तयार होतं. ते बाहेर आलं असतं तर एवढ्याशा पोरीसमोर तिचा बाप खोटा पडला असता.

त्यांनी वाक्य गिळलं आणि इराकडे बघून मान हलवली. नाही येत.

"मी शिकवते," इरा म्हणाली. तिने आपलं बोट आजीच्या हनुवटीखाली प्रोबसारखं टेकवलं. "टोक खाली ठेव. हलवू नको हं. आता मागून उचल. म्हण, क."

द्रौपदीबाईंनी टोक खाली ठेवलं, मागून जीभ उचलली, अगदी जिथे लागायला हवी तिथे लावली. आवाज तेवढा काढला नाही.

इराने कान जवळ आणून ऐकलं. "येईल हळूहळू," ती मॅडमच्या सुरात म्हणाली. "रोज करायचं."

"चल इरा, उशीर होतोय," संध्या म्हणाली. प्रमोद दारात थांबला, आईच्या हातावर एक पेढा ठेवला आणि गेला. रविवारचं तो काही बोलला नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पेढा त्यांनी खिडकीत ठेवला. प्रोब पुसला, जेलीच्या बाटलीचं झाकण लावलं, बादली भरून आणली. पाचच्या पेशंटचे आईवडील आत जाऊन बसले होते.

"मावशी, जरा इकडे या," मॅडमनी हाक मारली. "यांना 'कागद' म्हणून दाखवा."

द्रौपदीबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. जीभ सवयीने बरोबर जागी गेली होती, टोक खाली, मागून वर. त्यांनी ती तिथून काढली आणि पूर्वीसारखी अख्खी उचलली.

"तादद," त्या म्हणाल्या.