अकरा पेपर, दुसरं नाव

माझे अकरा पेपर छापून आलेत. सात सिकलसेलवर, चार रक्ताच्या कॅन्सरवर. आणि अकराच्या अकरात माझं नाव दुसरं. पहिलं नाव जमालुद्दीन सरांचं.

मला कोणी फसवलं नाही, आधीच सांगते. परदेशी मासिकांत राबणाऱ्याचं नाव पहिलं आणि विभागप्रमुखाचं शेवटी छापतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्याकडे लग्नपत्रिकेवरसुद्धा घरातला मोठा वर असतो, मग त्यानं खुर्चीसुद्धा उचलली नसेना का. सर आमच्या चिपळूणचे. मला सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या या हॉस्पिटलात त्यांनीच आणलं. पहिल्या पेपराला मी आपण होऊन त्यांचं नाव वर घातलं. ते म्हणाले, अगं कशाला. दुसऱ्या पेपराला काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्यापासून तो हक्कच झाला.

दोन वर्षांपूर्वी सर निवृत्त होऊन गावी गेले. आणि आता हॉस्पिटलचं हे पत्र. सौदीकरणात, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या धोरणात, आमच्या विभागात परदेशी डॉक्टरची एकच जागा राहणार. ती हवी असेल तर पाच वर्षांतले पहिल्या नावाचे तीन पेपर घेऊन रविवारी समितीपुढे या. हातात पाच दिवस.

नवऱ्याचं, कादिरचं मोबाइलचं दुकान याच सौदीकरणात आधीच गेलेलं, तो इथं माझ्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर. अदिबाची बारावी, मार्चमध्ये बोर्ड. माझी नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या. अदिबा एवढंच म्हणाली, "मम्मी, जस्ट टेल देम द ट्रुथ." सोपं आहे म्हणे!

सरांना फोन केला. नऊ वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, जीभ उचलेना. तरी मागितलं. म्हटलं, काम माझं, नूरुन्निसाचं होतं, नमुने तिनं तपासले, लिहिलंही तिनं, एवढ्या चार ओळी लिहून द्या. सर लगेच म्हणाले, आजच लिहितो पोरी, घोर लावून घेऊ नकोस. बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी फोन उचलला नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होते आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत होते.

शनिवारी दुपारी पत्र आलं. लिहिलं होतं, सर्व संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले, डॉ. नूरुन्निसा या कष्टाळू सहायक होत्या. खाली सही, आणि एका नव्या मेडिकल कॉलेजचा शिक्का. प्राध्यापक. माझ्या अकरा पेपरांच्या जोरावर बसले होते तिथं. संताप असा झाला, की कादिरनं माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

रविवारी मी सरांचं पत्र नेलंच नाही. माझ्या अक्षरातल्या चार नोंदवह्या नेल्या, प्रत्येक बाळाच्या रक्ताच्या नमुन्याचा नंबर, तारीख, निकाल. समितीचे प्रमुख डॉ. अदनान. सौदी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माणूस सभ्य. त्यांनी वह्या शांतपणे चाळल्या. मग प्रत्येक पेपराबरोबर गेलेले फॉर्म पुढे ठेवले. 'मुख्य काम पहिल्या लेखकाने केले आहे.' खाली माझी सही. अकरा वेळा.

"डॉक्टर, पहिल्या लेखकानं हे काम केलं की नाही? नाही म्हणालात तर मला मासिकांना कळवावं लागेल. ते बहुधा पेपर मागे घेतील. हो की नाही, एवढंच सांगा."

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. सर बुडाले असते, आणि खरं सांगते, मला ते बघायचं होतं. पण वरचा फॉर्म चौथ्या पेपराचा होता. त्या पेपरावर आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला सुरुवात झाली. सिकलसेल निघाला, तर दोन महिन्यांत पेनिसिलिन चालू, म्हणून ती पोरं तापानं दगावत नाहीत. पैसे वाचवायला ही तपासणी बंद करा म्हणून वरचे अधिकारी तीनदा मागे लागले होते, आणि तिन्ही वेळा मी हाच पेपर त्यांच्या टेबलावर आपटला होता. पेपरच खोटा ठरला, तर चौथ्या वेळी काय आपटायचं? आणि आपटायला मी इथं नसले, तरी पेपर तर राहायला हवा.

डॉ. अदनान पेन धरून थांबले होते.

"हो," मी म्हणाले. "सरांनी केलं."

त्यांनी माझ्या वह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लिहून घेतलं. म्हणाले, मग तुमच्याकडे पहिल्या नावाचा एकही पेपर नाही. मी म्हटलं, नाही. त्यांनी वह्या दोन्ही हातांनी मला परत दिल्या आणि दारापर्यंत सोडायला आले.

कादिर गाडीत बसला होता. चेहरा बघूनच कळलं असेल त्याला, तरी विचारलं, काय झालं?

"सरांनी काम केलं का, असं विचारलं," मी म्हटलं. "मी हो म्हणाले."

त्यानं गाडी सुरू केली, आणि मी वह्या मांडीवर घेऊन हमसून हमसून रडले.