वच्छलाची सावली

माह्या पोटी लेकरू नाही, म्हणून माही सावली तान्ह्या लेकरावर पडू नये म्हणे! धाकट्या जावेले, रुखमाले, पोरगी झाली त्याच दिवशी सासूनं बजावलं, "वच्छला, बाळंतिणीच्या खोलीकडं फिरकू नको." माही थाळी वेगळी, गडवा वेगळा, निजणं धानाच्या कोठीत. एवढी वर्षं या घराची चूल फुकली, त्याचं हे फळ!

मंग धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसात माहा दीर खुशाल, रुखमाचा घरवाला, तुमसरच्या राइस मिलमधून तापानं फणफणत आला. त्याच्यामांगं सासरा, सासू, माहा घरवाला, सारेच खाटेवर. एकाच माठात एकच गडवा बुडवून पाणी पेणारे सारे! मी तेवढी उभी होती. नर्सबाई येऊन सांगून गेली, "फ्लू हाय. लेकराले या बिमार लोकायच्याजवळ बिलकुल ठेवू नका."

पण दूर ठेवाचं कुठं, बाप्पा? दुसऱ्या सकाळी रुखमाचंच अंग तापलं.

तोंडाले पदर बांधून ती कोठीच्या दारात आली. "बाई, घ्या हिले. पाजाले तेवढी आणा, मी तोंड बांधूनच पाजीन. बाकी तुमच्यापाशीच राहू द्या." मी पोरीले दोन्ही हातानं छातीशी घेतलं. महिन्याची पोर झाली, तरी मी तिचं तोंड पाह्यलं नव्हतं.

"रुखमे! तिच्या हाती देऊन राहिली? मारतं का लेकराले?" सासू खाटेवरून ओरडली, अन् खोकत खोकत उठून आलीच. "दे इकडं!" म्हणत तिनं हात पुढं केले.

माहं डोस्कं फिरलं. "मांगं व्हा, आत्याबाई! तुमची सावलीबी पडू देऊ नका हिच्यावर!" म्हणलं अन् कवाड लावून कडी घातली.

वाटलं होतं, असं बोलल्यावर काळजाले थंडक पडंल. कायची थंडक! भेवानं जीव चालला होता माहा. पोरीले काही झालं तर सारं गाव म्हणंल, वांझोटीच्या सावलीनं गेली. अन् मलेबी तेच खरं वाटंल. मी तिच्या कपाळाले हात लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

बाहेर सासू रडाले लागली होती, ते रडणं थांबलं. मंग कवाडापाशी हळूच आवाज आला. "वच्छला, मी आत नाही येत व. सांग फक्त, अंग तापलं का तिचं?"

"नाही, आत्याबाई. अजून तं थंड हाय," म्हणलं, अन् मलेच रडू फुटलं.