दाराखालची सावली

काचेच्या अलीकडे उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, एवढंच नवीचं आजचं काम होतं; आणि तेवढंही तिला जड जात होतं.

पलीकडच्या खोलीत बसलेल्याला ही काच आरशासारखी दिसे. अलीकडून मात्र त्याची पाठ, त्याचे हात आणि समोरची मोठी स्क्रीन, सगळं लख्ख दिसायचं. आत्ता तिथे एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. स्क्रीनवर एक बंद पडलेलं अंधारं नाटकगृह होतं आणि त्यातून बाहेर पडायची वाट काही केल्या बाईंना सापडत नव्हती.

हे नाटकगृह नवीने बांधलेलं. कॉलेज संपल्या संपल्या ती या गेम कंपनीत लागली, त्याला आता बरेच महिने झाले होते. पण ऑफिसात तिचं नाव अजूनही नवीच. नोकरीचं ऐकून आत्या म्हणाली होती, "म्हणजे एवढं शिकून शेवटी खेळतच बसायचं होतं तर!" आत्याला आज इथे आणून उभं करायला हवं होतं. तिच्याही तोंडचं पाणी पळालं असतं.

नाटकगृहाच्या रंगमंचावर मागे एक भलामोठा पडदा होता आणि त्यावर दारंच दारं रंगवलेली. त्यातलं एकच दार खरं. ओळखायचं कसं? हातातला टॉर्च जमिनीवर रोखला की खऱ्या दाराखाली बारीकशी सावली पडे. बस्स. ही कल्पना सुचली तेव्हा नवीचे पाय जमिनीवर नव्हते.

"सहा जणांपैकी एकाला जरी कुणी न सांगता दार सापडलं, तर तुझी ही नाटकगृहाची लेव्हल गेममध्ये राहील," सरांनी सकाळीच बजावलं होतं. "नाहीतर ती काढून टाकावी लागेल." लेव्हल गेली की नोकरी पक्की झाल्याचं पत्रही गेलं, हे त्यांनी न सांगताही तिला कळत होतं.

सर म्हणजे इथले मुख्य डिझायनर. त्यांच्यामागे सगळे त्यांना मौनीबाबा म्हणत, कारण असल्या चाचणीच्या वेळी ते स्वतः हूं की चूं करत नसत आणि दुसऱ्या कुणाला करूही देत नसत. मागे एकदा नवी न राहवून काचेवर टकटक करायला गेली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "गेमबरोबर घरोघर जाऊन बसणार आहेस का तू, प्रत्येकाला समजावायला?"

बाईंनी शेवटी हेडफोन काढून ठेवले. "सॉरी हं," त्या मागे वळून रिकाम्या खोलीत म्हणाल्या. "माझंच चुकतंय काहीतरी. मला नाही जमत असलं."

आतापर्यंतचे पाचही जण असंच काहीबाही म्हणून उठले होते. त्यातला एक तर गेम खेळण्यातच हयात घालवलेला गडी, तोही मान खाली घालून गेला. चूक दाराची आणि माफी मागतायत हे! नवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहावा आला तो टोपी डोळ्यांवर ओढूनच. खुर्चीत टेकला, हेडफोन चढवले आणि बुटाच्या टोकाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवू लागला.

नवी काचेजवळ सरकली. असा घोटा खाजवत बसणारा एकच प्राणी तिने आजवर पाहिला होता, आणि तो तिच्या घरात राहत होता. तिचा धाकटा भाऊ.

मित्राच्या नावावर आला असणार, दुसरं काय! चाचणीला कोण येणार हे डिझायनरना आधी कळत नसे. आणि या पठ्ठ्याला तर दार तोंडपाठ होतं. काम उरकत नव्हतं म्हणून नवी ही लेव्हल लॅपटॉपवर चोरून घरी नेत असे, आणि या कंपनीत त्याला माफी नव्हती. पहिल्यांदा खेळायला दिली तेव्हा धाकट्याला दार चुटकीसरशी सापडलं होतं, आणि त्या भरवशावरच तिने ते कधी बदललं नव्हतं. काल जेवताना ती सहज म्हणाली, "उद्या एकाला तरी सापडू दे रे," आणि हा शहाणा निघून आला.

धाकट्याने सोंग आणायचा प्रयत्न केला. एक चुकीचं दार ढकललं. मग शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल एवढा मोठा सुस्कारा टाकला. आणखी एक ढकललं. शाळेच्या नाटकात याला झाड केलं होतं, तर तेही धड जमलं नव्हतं. मग तो सरळ चालत गेला आणि खरं दार उघडून बाहेर पडला.

"सापडलं!" सर लिहिता लिहिता मान वर करून म्हणाले. त्यांना हसताना नवी पहिल्यांदाच बघत होती. "सावली बघितली त्याने. म्हणजे दिसते तर! राहिली तुझी लेव्हल."

सरांनी नीट बघितलं नव्हतं. नवीने बघितलं होतं. दार उघडलं तेव्हा धाकट्याचा टॉर्च छताकडे होता.

गप्प बसलं की झालं. पत्र हातात, आत्याचं तोंड बंद. बोललं तर लेव्हल घरी नेल्याचंही सांगावं लागणार, म्हणजे हातातोंडाशी आलेला घास आपणच ताटाबाहेर ढकलायचा. तिने मूग गिळून बसायचं ठरवलंसुद्धा. पण त्या बाईंचा ओशाळलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. उद्या हा गेम कुठे कुठे जाणार, आणि किती जण त्या पडद्यापुढे स्वतःलाच बोल लावत बसणार!

"सर," ती म्हणाली. "याला हिशेबात धरू नका. माझा भाऊ आहे तो. लेव्हल मी घरी नेली होती. त्याचा टॉर्च वर होता, सावली त्याने पाहिलेलीच नाही."

सरांचं हसू मावळलं. मग त्यांनी धाकट्याला अलीकडे बोलावलं. काचेच्या या बाजूला ताईला उभी बघून तो पांढराफटक पडला.

"एकच सांग," सर म्हणाले. "घरी पहिल्यांदा खेळलास, तेव्हा दार सापडलं होतं?"

धाकटा बुटांकडे बघत राहिला. "नाही."

"खोटं बोलतोय!" नवी उसळली. "मी पाणी आणायला गेले आणि परत येते तो हा दाराबाहेर होता, सर!"

"तू पाणी आणायला गेलीस, तेव्हा लॅपटॉपवरचा तुझा लेव्हलचा नकाशा उघडून बघितला मी," तो पुटपुटला. "त्याच्याआधी खूप शोधलं होतं गं. नाहीच सापडलं."

इतके महिने नवी ज्या एका खेळाडूच्या जोरावर निर्धास्त होती, तोसुद्धा अडकलाच होता.

सर ओरडले नाहीत. "लेव्हल घरी नेल्याचं मला वर कळवावंच लागेल," ते म्हणाले. "नोकरी राहणार नाही. सामान आवरून घे." जाता जाता ते थांबले. "टॉर्च वर होता हे तू बघितलंस, मी नाही. पुढे कुणी तुझ्याबद्दल विचारलं, तर हेही सांगेन."

खाली रस्त्यावर गाड्यांचा नुसता गोंगाट होता. दोघं फुटपाथच्या कडेला उभी राहिली.

"मी घालवली ना तुझी नोकरी?" धाकट्याचे डोळे भरून आले होते.

"माझी नोकरी माझी मीच घालवली." तिला रडू येत होतं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. "पण तेव्हाच का नाही बोललास? बदललं असतं मी ते दार! वेळ होता रे तेव्हा!"

"कसं सांगणार?" तो म्हणाला. "तू ग्लास घेऊन उभी, सारखी सापडलं का, सापडलं का करत. तुला इतकं खूश मी कधी बघितलंच नव्हतं, ताई."